गादी वर की खाली?

टेस्टिंगमधून फोन आला, तेव्हा मी त्याच सीटीचं, म्हणजे मोठा प्रवाह मोजण्यासाठी लहान करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचं, विद्युतक्षेत्राचं रंगीत चित्र साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्ये चिकटवत होते. साहेबांना लाल-निळी चित्रं फार आवडतात. जाळी, म्हणजे आकडेमोडीसाठी मॉडेलचे पाडलेले तुकडे, किती बारीक घेतलीय, कोपऱ्यांना गोलाई दिलीय का, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. खरं तर कोपरा धारदार ठेवला की जाळी बारीक कराल तसा तिथला क्षेत्राचा आकडा चढतच जातो, हवं तिथे थांबा!

33 केव्हीचा (किलोव्होल्टचा), इपॉक्सी रेझिनमध्ये ओतलेला सीटी. 70 केव्ही एक मिनिट आरामात टिकला, पण 25 केव्हीवर पीडी, म्हणजे आतल्या पोकळीतल्या बारीक ठिणग्या, 85 पिकोकूलॉम (विद्युतभाराचं अगदी बारीक एकक). मर्यादा 20. दुसऱ्या नगाला 110.

कास्टिंगवाल्यांनी डिझाइनकडे बोट दाखवलं, मी त्यांच्या ओतताना हवा काढणाऱ्या व्हॅक्यूमकडे. हे आमच्याकडे ठरलेलंच. पण टेस्टिंगच्या पडद्यावर ठिणग्यांचे ठिपके व्होल्टेजच्या दोन्ही अर्ध्या लाटांच्या चढावर होते. बाहेरच्या टोकाचा कोरोना, म्हणजे उघड्या हवेतला विसर्ग, असता तर ते एकाच अर्ध्या लाटेच्या शेंड्यावर गोळा झाले असते. म्हणजे पोकळी आत होती.

नग मधोमध कापला. कास्टिंगचे फोरमन, त्यांना सगळे मामाच म्हणतात, कापलेल्या तोंडावरून नख फिरवत कोअरच्या, म्हणजे आतल्या लोखंडी कड्याच्या, खिडकीच्या (मधल्या भोकाच्या) काठाशी थांबले. तिथे केसासारखी काळी रेघ होती.

"मॅडम, तुमच्या चित्रात ही गादी कुठंय?"

गादी म्हणजे कोअरवर गुंडाळायची मऊ टेप. इपॉक्सी कडक होताना आकसतं, मधल्या बसबारला (प्रवाह नेणाऱ्या पट्टीला) घट्ट धरतं आणि कोअरच्या आतल्या भिंतीपासून सुटतं. तो ताण गादीने झेलायचा. तिच्यावर अर्धवाहक, म्हणजे थोडी वीज वाहू देणारी, टेप, तीच अर्थला जोडलेली. ती इपॉक्सीला चिकटून राहते, त्यामुळे फट तिच्या मागे पडते. तिथे विद्युतक्षेत्रच नसतं, फट असली काय नि नसली काय.

या लॉटमध्ये गादी वर होती, अर्धवाहक खाली.

मॉडेलमध्ये मी शून्य व्होल्ट थेट इपॉक्सीच्या पृष्ठभागावर दिले होते. गादी काढलीच नव्हती, कारण बरोबर गुंडाळली तर मॉडेलमध्ये तिची गरजच नाही. संध्याकाळी 0.2 मिमी हवेची फट घालून पुन्हा चालवलं. इपॉक्सीत काठाशी क्षेत्राचं शिखरमूल्य 2.2 केव्ही प्रति मिमी होतं. इपॉक्सीची परमिटिव्हिटी (क्षेत्र कसं वाटलं जाईल ते ठरवणारा गुणधर्म) हवेच्या चौपट, म्हणून फटीत क्षेत्र चौपट, 8.8. एवढ्या अरुंद फटीत हवा नेहमीच्या 3 ऐवजी 7 पर्यंत सोसते, पण 8.8 नाही.

मग ड्रॉइंग उघडलं. "कोअरवर अर्धवाहक टेप व कुशन टेप गुंडाळणे." क्रम नाही. खाली सही माझी. पोरांनी मी लिहिलं त्याच क्रमाने गुंडाळलं होतं.

मामांनी हे कुणाला सांगितलं नाही. मीच ड्रॉइंग सुधारलं, पुढचे नग 6 आणि 7 वर आले. साहेबांनी नवं चित्रही मागून घेतलं, फटीचं, त्यात लाल जास्त आहे म्हणून.

पण त्याच लॉटमधले दोन नग आधीच्या आठवड्यात 17 आणि 19 वर पास होऊन गेले होते. गादी त्यांच्यातही वरच असणार. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "मर्यादेत बसले ना?" बसले. ते परत मागवावेत अशी मेल मी लिहून ठेवलीय. तीन दिवस झाले, ड्राफ्टमध्येच आहे.