विस्क्री गावात आता कोण राहतं?

रोमानियात ब्राशोव शहराहून सिगिशोआराला जाताना बुनेश्ट नावाचं गाव लागतं. तिथून आडवाटेला वळलं की सातेक किलोमीटरवर टेकड्यांच्या कुशीत विस्क्री आहे. रुंद मातीचा रस्ता, कडेला गवत, त्यावर बदकं आणि कोंबड्या. दोन्ही बाजूंना घरं अगदी ओळीत, प्रत्येकाची त्रिकोणी भिंत रस्त्याकडे. कुणाची निळी, कुणाची हिरवी, कुणाची पिवळसर. शेजारी गाडी आत जाईल एवढा मोठा लाकडी दरवाजा, आत लांबट अंगण, त्याच्या टोकाला धान्याचं कोठार आणि मागे फळझाडं. कितीतरी घरांच्या कपाळावर बांधल्याचं साल आणि मालकाचं नाव कोरलेलं आहे. नावं सगळी जर्मन. रस्त्यावर भेटलेल्या माणसांपैकी एकही जर्मन नव्हतं.

हे गाव वसवलं ट्रान्सिल्व्हेनियाच्या, म्हणजे आजच्या रोमानियातल्या या प्रदेशाच्या, सॅक्सन म्हणवणाऱ्या जर्मन लोकांनी. बाराव्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने राज्याची पूर्व सीमा राखायला आणि जमीन लागवडीखाली आणायला ऱ्हाइन, मोझेल, लक्झेंबर्ग या भागांतून शेतकरी आणि कारागीर बोलावले. १२२४ मध्ये राजा दुसऱ्या अँड्र्यूने त्यांना सनद दिली. त्यांची जमीन त्यांची, न्याय त्यांचा, धर्मगुरूही ते स्वतः निवडणार. हे लोक कुणा सरदाराची कुळं नव्हती, स्वतंत्र होती, म्हणून गावाच्या रक्षणाचा भारही गावावरच होता. १२४१ मध्ये मंगोल येऊन गेले, पुढे तुर्कांच्या धाडी सुरू झाल्या. मग गावोगावच्या चर्चभोवती तट आणि बुरूज उभे राहिले. ट्रान्सिल्व्हेनियात अशी तटबंदीची दीडशेच्या वर चर्चं आजही आहेत. त्यातली सात गावं युनेस्कोच्या यादीत आहेत आणि विस्क्रीचा समावेश १९९९ मध्ये झाला.

चर्च टेकाडावर आहे, पांढरंशुभ्र. आतली रंगवलेली लाकडी सज्जांची चित्रं सुंदर आहेत, पण मी जास्त वेळ रेंगाळलो तो बुरुजात. वेढ्याच्या काळात गावकरी इथे येऊन राहत. शांततेतही घराघरातली डुकराची खारवलेली चरबी बुरुजातच टांगलेली असायची, कारण जाड भिंतींमुळे आत बारा महिने गारवा. प्रत्येक घराचा टांगायचा आकडा ठरलेला, तुकड्यावर घराची खूण. बुरूज ठरल्या दिवशी उघडायचा, आपल्याला लागेल तेवढं कापायचं आणि उरलेल्यावर पुन्हा शिक्का मारायचा, म्हणजे मधे कुणी हात मारला तर लगेच कळावं. तटाला लागून धान्याच्या लाकडी पेट्याही होत्या. गावाचा एकमेकांवरचा विश्वास आणि एकमेकांवरची नजर, दोन्ही त्या अंधाऱ्या खोलीत दिसतात.

सुमारे आठशे वर्षं टिकलेली ही वस्ती एका आयुष्याच्या अवधीत रिकामी झाली. जानेवारी १९४५ मध्ये रोमानियातल्या ७०,०००च्या आसपास जर्मनांना सोव्हिएत खाणींत आणि कारखान्यांत वेठीला नेलं. पुरुष १७ ते ४५ वयाचे, बायका १८ ते ३० च्या. अनेक जण परतलेच नाहीत. त्याच वर्षी जमिनी गेल्या. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत तर पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजायची आणि रोमानिया त्यांना जाऊ द्यायचा. शिकलेल्या माणसाचा दर जास्त. १९६७ ते १९८९ या काळात २ लाखांहून अधिक माणसं अशी गेली. हे वाचून माहीत होतं, तरी त्या नावं कोरलेल्या घरांसमोर उभं राहिल्यावर संताप आला. सरकारने आपलीच माणसं विकली, दुसरा शब्द नाही त्याला. सीमा उघडल्यावर एकट्या १९९० मध्ये लाखाच्या वर लोकांनी देश सोडला. १९३० च्या जनगणनेत रोमानियात जवळपास साडेसात लाख जर्मन होते, २०२१ मध्ये २३,००० सुद्धा भरले नाहीत.

आज विस्क्रीत चारशेच्या आसपास माणसं आहेत, त्यातले सॅक्सन बोटांवर मोजण्याइतके. बाकी रोमानियन आणि रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं तो समाज. प्रवाशांना सांगितला जाणारा इतिहास बहुतेक वेळा १९९० ला संपतो, आणि मला ते पटत नाही. रोमा कुटुंबं इथे नवखी नाहीत. पिढ्यानपिढ्या ती गावाच्या कडेला राहिली, सॅक्सनांच्या शेतात राबली, त्यांच्यासाठी लोहारकाम केलं. सॅक्सन गेल्यावर ओस पडलेल्या घरांत चूल पेटली ती यांच्यामुळे. चुना भाजणं, हाताने विटा आणि कौलं पाडणं ही कामं आज हेच लोक करतात, आणि ती नसती तर एकाही जुन्या भिंतीची डागडुजी झाली नसती.

ब्रिटनचे आताचे राजे चार्ल्स यांनी २००६ मध्ये इथे एक घर घेतलं, त्यामुळे गाव जगाच्या नकाशावर आलं. मिहाई एमिनेस्कू ट्रस्टने शेकडो घरांचं काम जुन्या पद्धतीने करून घेतलं, स्थानिकांना शिकवून. बायकांनी विणलेले लोकरीचे मोजे दारोदारी टांगलेले असतात. कितीतरी घरांचं पोट त्या मोज्यांवर चाललंय, तेव्हा नुसते फोटो काढून पुढे जाऊ नका.

गावात मुक्काम करा, बसने येऊन तासाभरात परतू नका. घरगुती खोल्या मिळतात. जेवायला भाज्यांचं आंबट सूप, चोर्बा, आणि वांगी-मिरच्यांची झाकुस्का ब्रेडला लावून. संध्याकाळी गोरजवेळी दरवाजात उभे राहा. गुराखी कळप चरून आणतो आणि गाई रस्त्याने येता येता आपापल्या घरात वळतात. दारं त्यांच्यासाठी आधीच उघडून ठेवलेली असतात. मे ते सप्टेंबर हे महिने बरे. ऑगस्टमध्ये जर्मनीला गेलेले सॅक्सनही सुट्टीला येतात, म्हणून त्या दिवसांत खोली आधीच सांगून ठेवलेली बरी.