आमची वाटचाल : काकूंच्या हातातला मेनू

कर्वेनगरला फ्लॅटच्या हॉलमध्ये दोन टेबलं टाकून आम्ही तिघांनी सुरुवात केली, तेव्हा मिळेल ते काम घ्यायचो. ॲपचं पहिलं मोठं काम आलं सदाशिव पेठेतल्या एका खानावळीचं. जेवायला सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं, दुपारी जिन्यापर्यंत रांग, म्हणून मालकीणबाईंना, म्हणजे आमच्या काकूंना, हवं होतं की पोरांनी मोबाइलवरूनच आधी ऑर्डर द्यावी.

आम्ही लेआउट फाइलमध्ये, म्हणजे स्क्रीनवर काय कुठे दिसेल ते लिहिलेल्या फाइलमध्ये, पदार्थांची सहा बटणं पक्की बसवून टाकली. चाललं छान. मग आषाढीच्या दोन दिवस आधी काकूंचा फोन, "अरे, एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि वरीचा भात ठेवायचाय, थाळी काढा, तेवढं करून दे ना." तेवढं म्हणजे कोड बदला, नवीन बिल्ड, म्हणजे ॲपची नवी तयार प्रत, काढा, प्ले स्टोअरवर टाका, मंजुरीची वाट बघा आणि परत पोरांनी अपडेट केलं पाहिजे! एकादशीला कितीतरी जणांच्या मोबाइलवर थाळीच दिसत होती. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, वही काढून ऑर्डरी लिहून घेतल्या, पण मला ते फार लागलं.

त्या आठवड्यात सगळं उलटं केलं. लेआउटमध्ये नुसता रिकामा लिनिअरलेआउट, म्हणजे बटणं ओळीने लावणारा डबा, ठेवला, मेनू सर्व्हरवरून जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातल्या यादीसारखा, आणला, नाव, भाव, क्रम आणि दाबल्यावर काय उघडायचं एवढंच, आणि लूप फिरवून, म्हणजे तीच कृती प्रत्येक पदार्थासाठी परत परत करून, एकेक बटण तयार केलं आणि ॲडव्ह्यू या आज्ञेने डब्यात टाकलं. पहिल्या दिवशी कुठलंही बटण दाबा, ताकच उघडायचं. ताक यादीत शेवटचं होतं. पदार्थाचा यादीतला नंबर आम्ही सगळ्या बटणांसाठी मिळून क्लासच्या एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवला होता, आणि कोणी बटण दाबेपर्यंत लूप कधीच संपलेला, म्हणजे त्यात शेवटचाच आकडा उरलेला. मग प्रत्येक बटणाला सेटटॅगने, म्हणजे चिठ्ठी लावावी तसा, त्याचा स्वतःचा पदार्थ चिकटवला आणि क्लिक झालं की टॅग वाचायचा, तेव्हा जमलं. रिफ्रेश केलं की बटणं डबल व्हायची, त्यावर उपाय म्हणजे आधी रिमूव्हऑलव्ह्यूजने जुनी बटणं काढून टाकायची.

आणखी एक, जे मराठी ॲप करणाऱ्यांनी खरंच बघावं. बटणाची उंची फिक्स ठेवली तर 'थालीपीठ'ची वरची वेलांटी कापली जाते, फॉन्ट मोठा ठेवणाऱ्यांना तर जास्तच. आम्ही उंची रॅप कंटेंट, म्हणजे मजकुराएवढी, केली आणि कमीत कमी ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), म्हणजे बोटालाही नीट सापडतं.

नेट नसलं तर शेवटचा सेव्ह केलेला मेनू दाखवायचा पण त्यावर तारीख टाकायची, आणि सर्व्हरने एखादं नवीन प्रकारचं बटण पाठवलं जे जुन्या ॲपला कळत नाही, तर ते गुपचूप लपवायचं, ॲप बंद पडता कामा नये. हे दोन नियम आम्ही आजही प्रत्येक कामात पाळतो. यादी लांब असली की रिसायकलरव्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर दिसतील तेवढ्याच ओळी बनवून त्याच परत वापरणारी यादी, वापरतो, आठ-दहा बटणांना त्याची गरज नाही असं माझं मत.

पुढच्या आषाढीला सकाळी सातला माझ्या मोबाइलवर 'उपवासाची थाळी' असं बटण आलं. काकूंनी स्वयंपाकघरातून स्वतः टाकलं होतं, आम्ही कोणी हातही लावला नव्हता. नवीन कामं आता फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात करतो, पण काकूंचं ॲप अजून जावा या जुन्या भाषेतच आहे, ते फ्लटरमध्ये न्यायचं काम दिवाळीनंतर घेणार आहोत.