पोकळ दगडात काय चमकते?

‘दगड फोडला तर आतून हे चमकणारे खडे निघाले, हिरा तर नव्हे ना?’ असे मला वर्षातून दहा-पंधरा जण तरी विचारतात. कोणाला तो दगड विहीर खणताना मिळालेला असतो, कोणाला घराचा पाया घेताना, तर कोणी अजिंठ्याच्या वाटेवरच्या दुकानातून तो विकत आणलेला असतो. हिरा नव्हे, एवढे फोनवरचे छायाचित्र पाहूनही सांगता येते, कारण बेसाल्टच्या, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या, पोकळीत हिरा तयार होत नाही. मग ते काय आहे, हे सांगायला मात्र दगड हातात घ्यावा लागतो.

महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. लाव्हा निवताना त्यात अडकलेल्या वायूंचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने राहिले, आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने त्यांच्या भिंतींवर खनिजे साचवली. पोकळी पूर्ण भरली तर बदामासारखा भरीव गोळा होतो. मध्ये जागा उरली तर स्फटिकांना वाढायला वाव मिळतो आणि आपण त्या दगडाला जिओड म्हणतो.

लोक आधी रंग सांगतात. मी आधी विचारतो की कोणते खनिज कोणावर बसले आहे. साचण्याची सुरुवात भिंतीकडून होते, म्हणून भिंतीलगतचे खनिज बहुधा जुने आणि पोकळीच्या मध्याकडे डोकावणारे नवे असते. आपल्याकडच्या नमुन्यांत अनेकदा कडेला सेलॅडोनाइटचा हिरवट मातकट पातळ थर दिसतो, त्यावर क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटी) किंवा त्याचाच अतिसूक्ष्म कणांचा प्रकार असलेली कॅल्सेडोनी, मग ह्यूलँडाइट व स्टिल्बाइट, आणि सर्वांत शेवटी अ‍ॅपोफिलाइट किंवा कॅल्साइट. हा क्रम दर वेळी पाळला जातोच असे नाही, पण नाव शोधताना निम्मे काम तो करून देतो.

खरा गोंधळ होतो तो तीन पारदर्शक खनिजांचा: क्वार्ट्झ, अ‍ॅपोफिलाइट आणि कॅल्साइट. मागच्या पावसाळ्याआधी एक विद्यार्थी जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या मामांच्या विहिरीतून निघालेला नारळाएवढा अर्धा दगड वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. आत फिकट नारिंगी गुच्छ होते आणि त्यांवर बोटाच्या पेराएवढे काचेसारखे सुळके. ‘सर, ही गारगोटीच ना?’ असे त्याने विचारले, कारण गावात सगळे तसेच म्हणत होते. मी त्याला दहापट मोठे दाखवणारे भिंग दिले आणि टोकाशी येणाऱ्या बाजू मोजायला सांगितल्या. त्याने चार मोजल्या. क्वार्ट्झच्या टोकाशी सहा असतात. सुळक्याच्या उभ्या बाजूंवर बारीक रेघा होत्या, त्याही उभ्या. क्वार्ट्झवर त्या आडव्या असतात. (अ‍ॅमेथिस्टच्या, म्हणजे जांभळ्या क्वार्ट्झच्या, जिओडमध्ये बहुधा नुसती टोकेच दिसतात, तेव्हा रेघा शोधत बसू नये.) एका सुळक्याचे टोक उडाले होते आणि ती जागा आरशासारखी सपाट होऊन मोत्यासारखी झळकत होती. क्वार्ट्झ असे सपाट तुटत नाही. उरलीसुरली शंका काचेच्या तुकड्याने फिटली: 1 ते 10 च्या मोजपट्टीवर क्वार्ट्झची कठिनता 7 असल्यामुळे ते काचेवर सहज ओरखडा काढते, अ‍ॅपोफिलाइटची 5 च्या आत असल्याने ते काढू शकत नाही. सुळके अ‍ॅपोफिलाइटचे होते. ही कसोटी मात्र फुटक्या कडेने करावी. चांगल्या टोकाने केली तर नाव कळते आणि नमुना जातो.

कॅल्साइट ओळखणे त्या मानाने सोपे आहे. त्याची कठिनता 3, म्हणजे चाकूने ते सहज खरवडते. फुटले की कललेल्या चौकोनी खापा निघतात, आणि स्वच्छ खाप छापील ओळीवर ठेवली तर अक्षरे दोन-दोन दिसतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ते फसफसते. हा थेंब सुट्या कणावरच टाकावा, हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो आहे. उमेदवारीच्या दिवसांत एका देखण्या अ‍ॅपोफिलाइटवरचा कॅल्साइटचा थर काढायचा म्हणून मी तो नमुना रात्रभर आम्लात ठेवला. सकाळी कॅल्साइट गेले होते, पण त्याबरोबर अ‍ॅपोफिलाइटची चकाकीही गेली होती आणि हाती उरला तो दुधी, निस्तेज खडा.

नारिंगी गुच्छ स्टिल्बाइटचे होते. मध्ये आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीचा आकार पाहिला की दुसरे नाव सहसा सुचत नाही. 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असे खनिज तापवले तेव्हा ते उकळल्यासारखे फुगले, म्हणून त्याने या गटाला झिओलाइट, म्हणजे ‘उकळणारा दगड’, असे नाव दिले. याच गटातल्या ह्यूलँडाइटला स्टिल्बाइटसारखीच मोतिया झळाळी असते, पण त्याचे स्फटिक सुटे आणि शवपेटीसारखे मध्ये रुंद असतात. गडद निळ्या रंगाचे छोटे गोळे दिसले आणि दगड पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला असला, तर कॅव्हनसाइटची शक्यता मोठी. दुकानातल्या जिओडची सगळी आतली बाजू एकसारखी भडक गुलाबी किंवा निळी असेल, तर तो रंग दिलेला आहे असे मी बेधडक सांगतो.

त्या विद्यार्थ्याच्या दगडात एका कोपऱ्यात पांढऱ्या सुयांचा एक झुपकाही होता. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट ही तिन्ही खनिजे अशी सुयांसारखी वाढतात. पहिल्यात कॅल्शियम, तिसऱ्यात सोडियम आणि मधल्यात दोन्ही, एवढाच त्यांच्यातला फरक, आणि तो भिंगाला दिसत नाही. त्यासाठी क्ष-किरणांची तपासणी लागते. ‘पण चिठ्ठीवर काय लिहू?’ असे त्याने दोनदा विचारले. शेवटी आम्ही ‘स्टिल्बाइटवर अ‍ॅपोफिलाइट’ असे शाईने लिहिले, आणि त्याखाली ‘स्कोलेसाइट?’ असे पेन्सिलीने.