रिबीन बांधलेलं प्रथिन

मे महिन्यात रावेर तालुक्यात दुपारी बारा ते चार केळीच्या बागेत कोणी फिरकत नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की केळीचं पान मधल्या दांड्यापासून दोन्ही बाजूंनी खाली मिटतं, पाणी वाचवतं. म्हणून मी आणि आबा सकाळी सहालाच बागेत असतो. पुण्याच्या लॅबमधून तीन आठवड्यांची सुट्टी काढून आलेय आणि माझ्याकडे काम आहे रिबिनी बांधायचं.

निर्यातीच्या मालाला ही पद्धत आता पक्की झालीय. या आठवड्यात निसवलेल्या, म्हणजे झाडाबाहेर पडलेल्या, घडांना निळी रिबीन, पुढच्या आठवड्यातल्यांना लाल. घडाला झाकणारी स्कर्टिंग बॅग चढवली की आतला घड नीट दिसत नाही, पण रिबीन दिसते. तीन-साडेतीन महिन्यांनी कटाईवाले येतात, रंग बघतात आणि त्याच घडाला कोयता लावतात. रिबिनीने फण्या वाढत नाहीत, गोडीही वाढत नाही. घड होता तसाच राहतो, फक्त त्याच्याकडे कोण येणार आणि काय करणार ते ठरतं.

गेली चार वर्षं मी पेशीतल्या अशाच एका रिबिनीवर काम करतेय. तिचं नाव सुमो. साधारण शंभर अमिनो आम्लांचं हे चिमुकलं प्रथिन १९९६-९७ च्या सुमारास सापडलं. त्याचा थोरला भाऊ युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचा. प्रथिनांवर मोडीत काढण्याची खूण करणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि त्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण युबिक्विटिन जोडलेलं जे पहिलं प्रथिन माहीत झालं ते होतं हिस्टोन एच२ए, ज्याच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो. ती खूण मोडीत काढण्याची नव्हतीच. म्हणजे छोट्या प्रथिनांच्या खुणा आणि जनुकांचं वाचन यांचं नातं अगदी सुरुवातीपासूनचं आहे, आणि वर्गात हे कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

सुमो दुसऱ्या प्रथिनाच्या लायसिन या अमिनो आम्लावर जाऊन बसतं. त्याला तिथे नेऊन जोडणारं विकर पेशीत एकच, यूबीसी-९. काढणारी मात्र अनेक आहेत, त्यांना सेन्प म्हणतात. जनुक चालू-बंद करणाऱ्या प्रथिनावर सुमो बसलं की बहुतेक वेळा वाचन मंदावतं. ते सुमो स्वतः करत नाही. त्याला ओळखणारी दुसरी प्रथिनं येऊन चिकटतात, त्यांतली काही हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट (डीएनएची पकड सैल ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) काढून टाकतात, डीएनए घट्ट आवळला जातो आणि वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरायला जागा उरत नाही.

कोडं पुढेच आहे. कुठल्याही क्षणी पाहिलं तर एखाद्या प्रथिनाच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम चार-पाचांवर सुमो सापडतं. तरी ते बसण्याची जागाच बदलून टाकली तर त्या जनुकाचं सगळं वागणं बदलतं. एक उत्तर असं आहे की आलेली मंडळी एकदा जमली की सुमो सुटून गेलं तरी ती जागची हलत नाहीत. मला हे पटतं.

रिबीन किती पटकन सुटते ते मी हाताने अनुभवलंय. पहिल्या वर्षी सहा महिने माझ्या ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, सुमोची पट्टी दिसतच नव्हती. रॅनगॅप-१ या दुसऱ्या प्रथिनाची पट्टी ९० किलोडाल्टनवर (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं माप) ठळक यायची, कारण त्याच्यावरचं सुमो फारसं निघत नाही. मी ज्याचा अभ्यास करते त्या प्रथिनाची सुमोवाली जागा मात्र कोरी. रात्री अकराला डार्करूममध्ये ती कोरी फिल्म हातात धरून मी रडलेय. शेवटी कळलं की पेशी फोडल्याक्षणी सेन्प मोकाट सुटतात आणि खुणा उतरवतात. त्यांना रोखायला एन-इथिलमलेइमाइड घालतात, आणि मी वापरत होते आठवड्यापूर्वी विरघळवून ठेवलेलं. पाण्यात ते टिकत नाही. ताजं बनवून घातलं आणि त्याच रात्री माझ्या प्रथिनाच्या मूळ पट्टीपेक्षा १५-२० किलोडाल्टनने वर एक फिकी रेघ उमटली. ती फिल्म अजून माझ्या वहीत चिकटवलेली आहे.

माझं प्रथिन म्हणजे एचएसएफ-१. उष्णतेच्या झटक्यात पेशीला वाचवणारी जनुकं तेच चालू करतं. तापमान वाढलं की त्याच्या ३०३ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लागतो, मग २९८ च्या लायसिनवर सुमो बसतं आणि ब्रेक लागतो. मला भारून टाकणारी गोष्ट अशी की झळ सौम्य असेल तर सुमो जास्त असतं आणि झळ जितकी तीव्र तितकं ते कमी होतं. पूर्ण ताकद लागते त्या वेळी पेशी ब्रेक सोडून देते.

काल आबांना हे सांगत होते. ते गाठ मारता मारता म्हणाले, "म्हनजे थोडक्या उन्हात घाबरून सगळी मोटर लावायची नाही."

हो, तेच. जूनमध्ये परत गेले की एचएसएफ-१ मध्ये २९८ च्या लायसिनच्या जागी आर्जिनीन हे दुसरं अमिनो आम्ल घातलेल्या पेशी तयार असतील. आर्जिनीनवर सुमो बसत नाही. त्या पेशी आधी ४१ अंशांना ठेवायच्या, मग ४३ ला, आणि प्रत्येक वेळी द्रावण ताजं बनवायचं.