सप्टेंबरातला शत्रू

कॉलेजच्या संघाचा पाठीराखा व्हायचं ठरवलं की पहिली अडचण अशी, की सामना कधी आणि कुठे आहे हेच कळत नाही. आयपीएलचं वेळापत्रक टपरीवरच्या काकांनाही पाठ असतं. आंतरमहाविद्यालयीन खो-खोचं वेळापत्रक मात्र जिमखान्याच्या दाराला आतून चिकटवलेलं असतं, आणि जिमखाना उघडा असेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून असतं. ज्यांना वाचायचंय त्यांनी दार पुढे ओढून वाचावं, नाहीतर सरळ शिपाईमामांना विचारावं. मैदानावर फक्कीचं, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीचं, पोतं कधी न्यायचंय हे त्यांना ठाऊक असतं, आणि फक्की जिथे जाते तिथे सामना असतो.

सामने साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी आठ-नऊला सुरू होतात. पहिल्या फेऱ्या बाद पद्धतीच्या. म्हणजे लेक्चर बुडवून, दोन बस बदलून पोचावं आणि तासाभरात आपला संघ घरी, असंही होतं. त्याहून वाईट म्हणजे 'पुढे चाल'. समोरचा संघ आलाच नाही, आपण न खेळता जिंकलो, आणि घसा तसाच कोरा घेऊन परत. जिंकूनही इतका हिरमोड दुसऱ्या कशानं होत नाही.

याच्या वरची उतरंड एकदा समजून घेतली की पुढचं सोपं जातं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं उदाहरण घ्या. पुणे शहर, पुणे ग्रामीण, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग. आधी विभागातल्या कॉलेजांमध्ये लढत, मग आंतरविभागीय. तिथल्या खेळावरून विद्यापीठाचा संघ निवडतात. तो संघ पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इथल्या विद्यापीठांशी खेळतो. विभागातले पहिले चार अखिल भारतीय स्पर्धेला जातात. शिवाय राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' महोत्सव वेगळाच. पण पाठीराख्याला या उतरंडीत खरी गोम आहे ती अशी: सप्टेंबरात समोरच्या कॉलेजच्या ज्या कबड्डीतल्या चढाईपटूच्या नावानं आपण बोटं मोडली, तोच डिसेंबरात आपल्या विद्यापीठाची जर्सी घालून उभा असतो, आणि त्याच्यासाठी घसा फोडायचा असतो आपणच. फुटबॉलच्या क्लबांचे चाहते जन्मभर एक वैर सांभाळतात म्हणे. आपल्याला ते तीन महिन्यांपलीकडे परवडत नाही. तेव्हा शत्रू निवडताना आणि विशेषतः त्याला टोपणनाव देताना पुढचा विचार केलेला बरा.

खो-खोला बसायची जागा ही पाठीराख्याची पहिली परीक्षा. नवखे मैदानाच्या मध्यावर बसतात, कारण तिथून सगळं दिसतं. सगळं दिसतं, पण घडतं ते खांबाशी. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत त्याला उलट फिरता येत नाही आणि मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, तीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळं. म्हणून सगळा डाव खांबाजवळ पेटतो: पळणारी खांबाला वळसा घालू पाहते, मागची खांब धरून अंग बाहेर झोकून देते, आणि बोटभर अंतरानं गडी बाद होतो किंवा वाचतो. खांबापासून जरा तिरकं, पाचसहा पावलं मागे बसावं. अगदी जवळ बसलात तर सूर मारणारी थेट मांडीत येईल आणि पंच आधी तुम्हाला उठवतील.

हातात घड्याळ हवं. पळणारे तीन-तीनच्या तुकडीनं आत येतात. नऊ मिनिटांच्या पाळीत प्रत्येक तुकडी तीन मिनिटं टिकली तर समोरच्यांना नऊ गुण. दीड-दीड मिनिटात गेली तर अठरा. धावफलकाकडे न बघता नुसत्या घड्याळावरून सामना कुठे चाललाय ते कळतं. पहिल्या तुकडीत संघ बहुधा आपले सगळ्यात चिवट गडी घालतो. ती दोन मिनिटांच्या आत गेली तर आपल्या बाजूला बोलणं बंद होतं, मुलं उगाच बुटांच्या नाड्या बांधायला लागतात.

एक तुकडी नीट बघा. तिघांपैकी एकच खरं पळत असते, उरलेल्या दोघी कोपऱ्यात श्वास राखून उभ्या. पळणारी बसलेल्या आठ जणींमधून नागमोडी जाते, ही एकेरी साखळी. दोघींना एकदम वळसा घालून गेली तर दुहेरी. दमली की अर्ध्या मैदानात गोल फिरत राहते. बसलेल्या आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे खो कोणाला द्यायचा यावर सगळं. पाठलाग करणारीचा हात पाठीवर पडण्याआधीच बसलेली उठली की फाउल. मग आक्रमकाला उलट दिशेला जावं लागतं आणि पळणारीला फुकटात दोन श्वास मिळतात. चांगली पळणारी हे फाउल मिळवते. ती बसलेलीच्या अगदी समोरून हूल देऊन जाते, बिचारीचं अंग खो मिळण्याआधीच उचलतं. शिट्टी वाजते तेव्हा पळणारीच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. पाठीराख्यानंही शिट्टी होईपर्यंत 'आउट' ओरडू नये. निम्म्या वेळा ती फाउलचीच असते आणि मग आपण शेजारच्या कॉलेजच्या पोरांना आठवडाभर पुरतो.

तिसरी बाद झाली की पुढची तुकडी वेळेत आत यायला हवी, उशीर झाला तर तिथेही गडी जातो. खेळ रंगात आला की बाहेरचे बघत बसतात आणि आपला नंबर विसरतात. पाठीराख्यांच्या घोळक्यातल्या एकानं तरी पुढच्या तिघींची नावं लक्षात ठेवून हाका मारायच्या असतात. हे बिनपगारी काम आहे, पण गुण वाचवतं.

टीव्हीवर 2022 साली अल्टिमेट खो खो ही लीग सुरू झाल्यापासून मैदानावर एक नवी जमात दिसते. ती विचारते, 'यांच्यात वजीर कोण?' (वजीर म्हणजे त्या लीगमधला कुठल्याही दिशेला पळायची मुभा असलेला आक्रमक.) इथे वजीर नाही, सात मिनिटांची पाळी नाही, सूर मारून गडी टिपला म्हणून जास्तीचा गुणही नाही. एक गडी, एक गुण. जानेवारी 2025 मध्ये भारताच्या दोन्ही संघांनी दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकला, दोन्ही कर्णधार मराठी, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. तेव्हापासून खो-खो बघायला जातो म्हटलं की घरचे निदान हसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरातली बातमी वाचायलाही जरा सवय लागते. 'संरक्षण 2.10 मि.' म्हणजे दोन मिनिटं दहा सेकंद, सव्वादोनच्या आसपास. दशांश चिन्ह बघून गणित करू नये. '1 गुण आणि 4.30 मिनिटे राखून' म्हणजे साडेचार मिनिटं शिल्लक असतानाच काम झालं. 'एक डाव राखून' असेल तर समोरच्या कॉलेजात त्या दिवशी जाऊ नये.

कबड्डीला घड्याळापेक्षा बोटं उपयोगी. मैदानावर बचावाचे किती उरलेत ते सतत मोजत राहायचं. सहा किंवा सात असतील तर चढाईपटूला बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा गुण, खुला. तीन किंवा कमी असतील तर पकड झाल्यास बचावाला जादा गुण, म्हणजे अव्वल पकड. मधले चार-पाच हे फसवे आकडे: बोनस नाही, अव्वल पकडही नाही, चढाईपटूला गडी टिपूनच यावं लागतं. बहुतेक जण लोण बसताना, म्हणजे अख्खा संघ बाद होताना, ओरडतात. जाणकार लोण बसायच्या आधी, पाचावर, गप्प होतात. लोणाचे 2 गुण तर जातातच, मग लोण बसलेल्या संघाचे सातही पुन्हा मैदानात येतात.

पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, बोनस रेषा तिच्याही पुढे 1 मीटर. ही निदान रेषा न ओलांडता, कोणाला न शिवता परतलेला चढाईपटू स्वतःच बाद. 30 सेकंदांत हे सगळं, आणि तोंडानं अखंड 'कबड्डी'. पाठीराख्यांच्या ढोलाचा प्रश्न इथेच येतो. दम तुटला की नाही हे पंचांना ऐकू यायला हवं. ढोल चालू असेल तर ते आधी खुणेनं सांगतात, मग कर्णधाराला बोलावून सांगतात, मग सर स्वतः उठून ढोलावर हात ठेवतात. ढोल चढायांच्या मधे वाजवावा. खो-खोला तर अजिबात नको, खो आणि शिट्टी दोन्ही त्यात बुडतात.

घोषणांचं सांगायचं तर 'आवाज कुणाचा' ही एकच पुरते. पुण्यात तीच पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेला नाट्यगृहात चालते आणि तीच मैदानावर. फरक एवढाच, की नाट्यगृहात पडदा उघडला की गप्प बसतात.

मातीवर सराव करणारं कॉलेज मॅटवरच्या पहिल्या सामन्यात का पडतं, हे दरवर्षी नव्यानं कोड्यासारखं चर्चिलं जातं. कोडं काही नाही. मातीवर पाय थोडा घसरतो, त्या घसरण्यावरच वळण बेतलेलं असतं. मॅटवर बूट जागच्या जागी धरतो, अंग वळतं आणि गुडघा मागे राहतो. म्हणून आठवडाभर आधी मॅटवर पळवलं नाही तर एकतर सामना जातो किंवा गुडघा. पाठीराख्याच्या पिशवीत म्हणूनच पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या, डझनभर केळी, सेफ्टी पिना, एक जुना टॉवेल. बर्फ आणायची गरज नसते. मैदानाबाहेर रसवंती किंवा गोळेवाला असतोच. बर्फ टॉवेलात गुंडाळून घोट्यावर 15-20 मिनिटं धरावा, थेट कातडीवर नाही. घोटा चोळायला धावणारा एक उत्साही मित्र प्रत्येक कॉलेजात असतो. त्याला केळी वाटायला लावावं.

या सगळ्याहून जास्त सामने कागदांनी हरलेत. पात्रता अर्ज, फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा प्राचार्यांचा शिक्का, ओळखपत्र, बारावीची गुणपत्रिका. शिक्का नुसताच कागदावर पडला आणि फोटोला लागलाच नाही तर समोरचं कॉलेज तक्रार फी भरून हरकत घेतं, आणि सामना मैदानाऐवजी टेबलावर खेळला जातो. असा टेबलावर हरलेला सामना पाठीराखे कधी विसरत नाहीत. खेळून हरलेले बहुतेक विसरतात.

एवढं सगळं शिकून होईतो तिसरं वर्ष लागतं. आपल्या कबड्डी संघातला एखादा पोरगा घ्या. पहिल्या वर्षी तो फक्त पाण्याच्या बाटल्या धरतो. दुसऱ्या वर्षी बदली म्हणून शेवटची पाच मिनिटं येतो. तिसऱ्या वर्षी डाव्या कोपऱ्यात उभा राहतो, घोट्याची पकड कधी घालेल हे आपल्याला त्याच्या खांद्यावरून कळायला लागतं, आणि तेवढ्यात त्याची शेवटच्या सत्राची परीक्षा येते. पाठीराखा मात्र कॉलेज सोडून दहा वर्षं झाली तरी येत राहू शकतो, त्याला पात्रता अर्ज लागत नाही.

पश्चिम विभागाच्या स्पर्धेत विद्यापीठाच्या बाकावर तो कोपरारक्षक आणि समोरच्या कॉलेजचा तो चढाईपटू शेजारी बसलेले दिसतात. सप्टेंबरात एकानं दुसऱ्याचा घोटा धरून त्याला सहा वेळा बाहेर काढलेलं असतं. आता एक जण दुसऱ्याच्या त्याच घोट्याला चिकटपट्टी गुंडाळतोय, आणि तो 'जरा घट्ट' म्हणतोय. मागच्या पायरीवर दोन्ही कॉलेजांची पोरं. ढोल एकच आणलाय, समोरच्या कॉलेजनं. आवाज कुणाचा विचारल्यावर पहिल्यांदा दोन वेगवेगळी नावं येतात, सगळे हसतात, आणि मग ढोलवाला पुन्हा सुरुवात करतो.