पायाळूचा पाय आणि मणक्यातली गॅप

आमच्या निपाणी-चिकोडी भागात पाठीत उसण भरली की आजही आधी पायाळू माणसाचा शोध सुरू होतो. पायांकडून जन्मलेल्या त्या व्यक्तीने दुखऱ्या जागी पाय लावला की आखडलेली पाठ सुटते, अशी समजूत आहे, आणि खरोखरच सुटलेल्या पाठी मी पाहिल्या आहेत. उसण बहुधा स्नायूंची असते, ती काही दिवसांत आपोआप ओसरते आणि माणूस उपाय शोधतो तोही दुखणे टोकाला पोहोचल्यावर, हे खरे. परंतु त्याच घटकेला जो आराम पडतो, त्याचा उलगडा एवढ्याने होत नाही.

फिजिओथेरपीच्या व्यवसायात मला या प्रश्नाला रोज सामोरे जावे लागते. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडले की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत त्यांना जणू एक फाटक लागते. स्पर्शाचे, चोळण्याचे संदेश ते काही अंशी लोटून घेतात आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडतात किंवा बंद करतात. यातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण अपेक्षा, भीती आणि विश्वास यांना शरीरात शिरण्याची वाट तिथून मिळते. 1978 मध्ये अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात, औषध नसलेल्या सुईने ज्यांचे दुखणे कमी झाले होते, त्यांना अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारे नॅलोक्झोन दिल्यावर ते पुन्हा वाढले. म्हणजे तो आराम ‘मनाचे खेळ’ नव्हता; शरीराने स्वतःच तयार केलेली वेदनाशामके तिथे काम करत होती. पुढे इटलीतील तुरिन येथे बेनेडेट्टी यांनी याची दुसरी बाजू दाखवली: तेच वेदनाशामक यंत्रातून रुग्णाच्या नकळत सोडले, तर डॉक्टरांनी समोर उभे राहून सांगून दिल्यापेक्षा त्याचा गुण कमी येतो. ‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असे आपल्याकडे म्हणतात, ते अगदीच निराधार नाही.

मात्र ज्या वाटेने आराम येतो, त्याच वाटेने दुखणेही येते, आणि याकडे आम्ही उपचार करणारे पुरेसे लक्ष देत नाही. बिड्या वळणाऱ्या एक मावशी माझ्याकडे येत असत. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पाने, मान खाली आणि बोटे सतत चालू, अशा बैठकीत वर्षे गेल्यावर कंबर धरली तर नवल नाही. तरीही पूर्वी त्या दुखत्या कमरेने घरचे सगळे उरकत होत्या. एम.आर.आय. झाल्यावर कोणीतरी त्यांना ‘मणक्यात गॅप आहे, जपा’ एवढेच सांगितले आणि त्यांनी वाकणेच सोडले. “मॅडम, वाकले की आतलं काहीतरी सरकतंय बघा,” असे त्या म्हणत, आणि खाली पडलेली कात्री उचलायलाही नातीला हाक मारत. वास्तविक 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांतही मणक्यांमधील गादीची झीज, म्हणजे बोलीतली ‘गॅप’, विशीतल्या सुमारे 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के जणांच्या चित्रात दिसते. केस पिकल्याची बातमी कोणी आजार म्हणून देत नाही. झिजेची मात्र अशी दिली जाते.

शब्दांची ही ताकद प्रयोगशाळेतही मोजली गेली आहे. 2011 मधील एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना पायावर चटका देत असताना एक प्रभावी वेदनाशामक चालू ठेवले होते. औषध सुरू आहे असे सांगितल्यावर त्याचा परिणाम जवळपास दुप्पट झाला, आणि ते थांबवले आहे असे खोटेच सांगितल्यावर, औषध शिरेतून जात असूनही, तो नाहीसा झाला.

याचा अर्थ अपेक्षेने आजार बरा होतो, असा कोणी काढू नये. अपेक्षेने वेदनेची जाणीव बदलते, पण तुटलेले हाड जुळत नाही की गाठ विरघळत नाही. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटणे, मांड्यांमधला भाग बधिर होणे किंवा पायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर पायाळू नको, मीही नको, थेट मोठे रुग्णालय गाठावे. खोटा धीर देण्याचा परवानाही यातून मिळत नाही. ‘गादी जागेवर बसवली’ असे सांगून लगेच वाहवा मिळते, पण पुढच्या वेळी ती गादी पुन्हा ‘सरकते’ आणि रुग्ण कायमचा आपल्या दारात अडकतो.

मावशींना मी त्यांचा अहवाल मराठीत समजावून सांगितला, दुखले म्हणजे इजा झालीच असे नाही हे सांगितले आणि आधी पाटावरची, मग जमिनीवरची वस्तू उचलून घेतली. अधूनमधून उठून चार पावले चालण्याचेही ठरले. कंबर अजून दुखते, पण कात्री त्या स्वतः उचलतात. कमरेचा पट्टा सोडायला मात्र तयार नाहीत. दीर्घकाळच्या कंबरदुखीत पट्टे नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सुचवले आहे, ते मी त्यांना सांगितले. त्यावर पट्ट्याचे पैसे मुलाने दिले आहेत, असे उत्तर मिळाले. सध्या तो बाजाराला जाताना बांधायचा आणि घरात काढायचा, एवढ्यावर आमची तडजोड झाली आहे.