स्ट्रोकनंतर गिळताना ठसका: पातळ पदार्थ, सिरींज आणि घरचं स्वयंपाकघर

आजारी माणसाला पातळ द्यावं, हे आपल्या घरांत इतकं पक्कं आहे की त्यावर कुणी शंका काढत नाही. पेज, डाळीचं पाणी, नारळपाणी, मोसंबीचा रस. तापात किंवा पोट बिघडल्यावर ते ठीकच. पण स्ट्रोक येऊन गेलेल्या, पार्किन्सन्स असलेल्या किंवा घशाला रेडिएशन घेतलेल्या बऱ्याच जणांना गिळायला सगळ्यात अवघड जातं ते साधं पाणी. मऊ शिरा व्यवस्थित खाणारा माणूस दोन घोट पाण्याला गुदमरतो आणि घरच्यांना कळत नाही की झालं काय.

कारण वेगाचं आहे. जिभेने घास मागे ढकलला की मऊ टाळू उचलून नाकाची वाट बंद होते, श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, स्वरपट्ट्या मिटतात आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी आवळलेला स्नायू सैल पडतो. घशातला हा सगळा खेळ साधारण एका सेकंदात उरकतो. स्ट्रोकनंतर ही साखळी उशिरा सुरू होते. पाणी मात्र थांबत नाही. श्वासनलिकेचं दार मिटायच्या आत ते तिथे पोचलेलं असतं. दाट पदार्थ हळू सरकतो, म्हणून दार मिटायला सवड मिळते. याचा अर्थ जितकं घट्ट तितकं चांगलं, असाही नाही. जीभ आणि घसा अशक्त असतील तर घट्ट पदार्थ पूर्ण पुढे जात नाही, घशाच्या खोबणीत साचून राहतो आणि माणूस पुन्हा श्वास घेऊ लागला की मागाहून आत घसरतो. कुणाला किती दाट, हे अंदाजाने ठरत नाही ते यामुळेच.

ठसका लागतो म्हणून घरचे घाबरतात. खरं तर ठसका म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण. जास्त भीती वाटावी ती ठसका न लागण्याची. घशाची संवेदनाच गेलेली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि माणूस शांत बसलेला दिसतो. अशा वेळी बारीक खुणा बघायच्या. गिळून झाल्यावर ‘आ’ म्हणायला सांगा. आवाज घशात पाणी भरल्यासारखा, गुळण्या करताना येतो तसा आला तर काहीतरी स्वरपट्ट्यांवर साचलं आहे. खाताना डोळ्यांत पाणी येणं, श्वास जोरात चालणं, एका घासाला तीन-चार वेळा गिळावं लागणं, लुळ्या बाजूच्या गालात अन्न उरणं, जेवणाला अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त वेळ लागणं याही खुणाच. संध्याकाळी बारीक ताप येतो, जातो, पुन्हा येतो, असं चाललं असेल तर छातीचा एक्स-रे काढून घ्या.

स्ट्रोकच्या सुमारे निम्म्या रुग्णांना सुरुवातीला गिळायचा त्रास असतो. पुष्कळांचा तो पहिल्या काही आठवड्यांत बराच ओसरतो. पण या आठवड्यांतच न्यूमोनिया गाठतो. म्हणून हॉस्पिटलात गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचं नाही: चहा नाही, गोळी नाही, देवळातून आणलेलं पळीभर तीर्थही नाही. ओठांना लावून बाजूला ठेवा, देवाची हरकत नसते. डॉक्टर राउंडला आले की ‘गिळण्याची तपासणी झाली का, आणि स्पीच थेरपिस्टला दाखवायचं का’ हे सरळ विचारा. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलायला शिकवतात हा गैरसमज आहे, गिळणं हाही त्यांच्याच कामाचा भाग. बाहेरून तपासून शंका राहिली तर दोन चाचण्या आहेत. एकीत बेरियम मिसळलेला पदार्थ गिळायला देऊन हलता एक्स-रे घेतात, ती व्हिडिओफ्लुरोस्कोपी. दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघत बघत खाऊ घालतात, तिला फीज म्हणतात. ठसक्याविना आत जाणारं पाणी खात्रीने पकडायचं तर या दोनच वाटा.

तपासणीनंतर कागदावर बहुधा एक आकडा लिहून मिळतो. आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७. पेयं ० ते ४, खाणं ३ ते ७. ० म्हणजे साधं पाणी, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. पेय कुठल्या पातळीचं आहे हे घरच्या घरी मोजता येतं. त्यासाठी १० मिलीची साधी सिरींज लागते, सुई नको. सगळ्या कंपन्यांच्या सिरींज सारख्या लांबीच्या नसतात, म्हणून आधी पट्टीने ० ते १० या खुणांमधलं अंतर मोजा. ते ६१.५ मिमी असायला हवं. दट्ट्या काढून टाका, खालच्या तोंडावर बोट धरा, पेय १० च्या खुणेपर्यंत भरा. बोट काढा आणि १० सेकंदांनी पुन्हा लावा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ मिली उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, आणि ८ हून जास्त उरलं पण थोडं तरी गळलं तर ३. थेंबही पडला नाही तर ४. पेय ज्या तापमानाला द्यायचं त्याच तापमानाला मोजायचं, कारण गरम असताना २ भरलेली नाचणीची पेज कोमट होईपर्यंत ३ वर गेलेली असते.

दाटपणासाठी औषधाच्या दुकानात पावडर मिळते. ती दोन जातींची असते. स्टार्चची स्वस्त, झँथन गमची (हा एक प्रकारचा डिंक) महाग. फरक किमतीपुरता नाही. आपल्या लाळेत स्टार्च फोडणारं विकर असतं. स्टार्चने दाट केलेल्या पेल्यात तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा बुडवला की पेय खालून पातळ होत जातं आणि शेवटचे घोट पाण्यासारखे होतात. झँथनचं तसं होत नाही. परवडत असेल तर झँथन घ्या, पण ते एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचं नाही. नाचणी किंवा तांदळाच्या पेजेलाही लाळेचा हाच नियम लागू: लहान वाटीत थोडी थोडी काढा, उरलेली पातेल्यात राहू द्या. पावडर कुठलीही असो, डब्यावरच्या मापाने घाला, ढवळा आणि डब्यावर लिहिली असतील तितकी मिनिटं थांबा. लगेच पातळ वाटलं म्हणून आणखी चमचा टाकला की थोड्या वेळाने त्याची खळ होते. एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: बद्धकोष्ठासाठी पाण्यात मिसळून घ्यायची पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर स्टार्चने दाट केलेल्या पेयात घातली तर ते पेय पुन्हा पातळ होतं. आतड्याचं औषध म्हणून दिलेलं ते असं फुफ्फुसाला भोवतं.

आता खाणं. आपल्या ताटातला सगळ्यात फसवा पदार्थ आमटी-भात. तोंडात पातळ आणि शितं एकदम येतात, शितं जिभेवर असतानाच आमटी घशात उतरते. दुधात कुस्करलेली पोळी, चहात बुडवलेलं बिस्कीट, रस्सा-भाजी यांची गतही तीच. कलिंगड आणि संत्रं चावल्यावर पाणी सोडतात. आइस्क्रीम आणि जेली दिसायला घट्ट, पण तोंडात पाणी होतात. साबुदाण्याची खिचडी चिकटते. शेंगदाण्याचा कूट, सुक्या चटण्या, शेव, चिवडा, रव्याचा लाडू हे सुटे होऊन घशात पसरतात.

मग द्यायचं काय? पातळी ४ म्हणजे एकजीव गोळा. मऊभात घ्या: एक वाटी तांदळाला पाच ते सहा वाट्या पाणी, चांगल्या शिट्ट्या. मग घट्ट वरण आणि चमचाभर तूप घालून मिक्सरमधून काढा आणि गाळणीतून गाळा. तूप चवीपुरतं नाही, भाताचा चिकटपणा त्याने मोडतो. दहा मिनिटं ठेवून बघा. कडेला पाणी सुटलं तर पुन्हा घोटा. चमचा आडवा केल्यावर गोळा एका तुकड्यात सुटून पडायला हवा. चमच्याला थापून बसला तर चिकट आहे आणि धार लागली तर पातळ. पातळी ५ ला मोठ्या माणसासाठी कण ४ मिमीपर्यंत चालतात. साध्या काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते, मोजायला तीच वापरा. पातळी ६ ला दीड सेंटिमीटरपर्यंतचे मऊ तुकडे. काट्याने दाबताना अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका जोर लावा. तुकडा चेपला आणि तसाच राहिला तर चालेल. पुन्हा फुगून वर आला तर मिक्सरमध्ये. दुधी, लाल भोपळा, बिया काढलेलं वांग्याचं भरीत या परीक्षेत सहज उतरतात. मेथी-पालकाचे धागे उतरत नाहीत. सगळं एकाच वाटीत फिरवून करड्या रंगाचा लगदा समोर ठेवू नका. भोपळा वेगळा, वरण वेगळं, भात वेगळा. माणूस अर्धपोटी राहतो तो पुष्कळदा चवीच्या कंटाळ्याने.

भरवताना पलंगावर उशा रचून नाही, खुर्चीत ताठ, पाय जमिनीला टेकलेले. भरवणाऱ्याने समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहून भरवलं की रुग्ण मान वर करतो. चहाचा लहान चमचा, तोही काठोकाठ नाही. गिळताना कंठमणी वर जाऊन खाली आला की पुढचा घास. टीव्ही बंद, ‘चव कशी आहे’ हे प्रश्नही बंद. जेवण झाल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं.

आपली आणखी एक सवय इथे मोडायला हवी. ठसका लागला की ‘वर बघ, वर बघ’ म्हणत डोक्यावर थापट्या मारायच्या. मान मागे गेली की श्वासनलिका अधिक मोकळी होते आणि अडकलेलं आत जायला वाट मिळते. त्याऐवजी पुढे झुकवून मनसोक्त खोकू द्या. वरून पाणी पाजू नका. खोकला, आवाज, श्वास तिन्ही बंद झाले तर मात्र थांबू नका: पुढे वाकवून दोन खांद्यांमध्ये तळव्याने ५ जोरदार थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर ५ झटके, आळीपाळीने. शुद्ध हरपली तर १०८ आणि छातीवर दाब.

हनुवटी छातीकडे घेऊन गिळणं, मान लुळ्या बाजूला वळवून गिळणं या युक्त्या उपयोगी आहेत, पण प्रत्येकाला नाहीत. मान वळवली की अशक्त बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. हनुवटी खाली घेतल्याने मात्र घशाच्या खोबणीत साचलेलं कधी कधी उलट आत सांडतं. व्हिडिओ बघून स्वतः ठरवू नका. व्यायामांचंही तेच. उताणं झोपून पायाची बोटं दिसतील इतकं डोकं उचलायचा व्यायाम मानेचा त्रास असलेल्याला सोसत नाही, आणि जीभ दातांत धरून गिळायचा व्यायाम फक्त थुंकीवर करायचा, तोंडात अन्न असताना कधीच नाही.

गोळ्यांची कुटाकुटी ही घरोघरची चूक. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर असलेली गोळी हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात. ॲसिडिटीसाठीच्या पँटोप्राझोलच्या गोळीवरचं आवरण मोडलं की पोटातल्या आम्लात औषध वाया जातं. रक्त पातळ ठेवणाऱ्या डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडायची नाही. पानभर औषधं घेऊन केमिस्टकडे जा आणि कुठली कुटायची, कुठलीचं पातळ औषध मिळतं हे एकेक विचारा. पातळ औषधही पातळच, तेही ठरलेल्या पातळीला आणावं लागतं आणि कशात मिसळायचं तेही विचारूनच.

न्यूमोनिया पाण्याने होतो त्यापेक्षा पाण्याबरोबर उतरणाऱ्या तोंडातल्या जंतूंनी होतो. म्हणून मला विचाराल तर पावडरीच्या डब्याआधी मऊ ब्रश घ्या. दिवसातून किमान दोनदा दात, जीभ, गालांच्या आतली बाजू. कवळी रात्री काढून ठेवायची. नाकातून राईल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न पोचवणारी नळी, घातलेल्या माणसाचंही तोंड तितकंच स्वच्छ हवं. तो जेवत नसला तरी थुंकी गिळतोच. नळीतून देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, नाकाशी नळीवरची खूण जागेवर आहे का हे दर वेळी बघणं, आधी आणि नंतर पाण्याने नळी धुणं. चार ते सहा आठवड्यांनंतरही नळी लागणार असेल तर पोटातून बसवायच्या नळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

दाट पाणी कुणालाच आवडत नाही, त्यामुळे माणूस कमी पितो. लघवी गडद होणं, तोंड कोरडं पडणं, गुंगी यावर लक्ष ठेवा. आठवड्यातून एकदा वजन करा. काहींना जेवणाआधी किंवा जेवणानंतर अर्ध्या तासाने, तोंड स्वच्छ करून साधं पाणी घ्यायची मुभा थेरपिस्ट देतात. ती आपल्याला मिळेल का हे जरूर विचारा.

हे सगळं घशातल्या दोषाबद्दल. पाणी नीट जातं पण भाकरी, मग पोळी, मग मऊभातही छातीत अडकायला लागला, तर तो अन्ननलिकेचा मामला. तिथे पातळ्या मोजत बसू नका, लवकर एंडोस्कोपी करून घ्या. वजन उतरत असेल तर आणखी लवकर. गुटखा-सुपारीने तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर त्याची तपासणी वेगळी.

ब्युरोतून येणारी ताई बदलते, रविवारी दुसरं कुणी असतं, आणि पाहुणे कौतुकाने पेढा भरवतात. पलंगाच्या वर भिंतीला एक कागद चिकटवा: पेय पातळी अमुक, खाणं पातळी अमुक, पावडर किती, चमचा कुठला, मान कशी, कुटायच्या नाहीत त्या गोळ्या, थेरपिस्टचा नंबर, तारीख. पुढच्या तपासणीत पातळी बदलली की जुना कागद फाडून टाका.